बन्याचं वय काय?

परवा भाच्याला 'फास्टर फेणे' वाचून दाखवत होतो. मध्येच त्यानं विचारलं, ''मामा, बन्या आता कॉलेजात गेला असेल ना?'' टॉक्! माझीच बोलती बंद.

मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बन्या माझ्यापेक्षा मोठा होता. सायकलवर टांग टाकून चोरांमागे सुटणारा दादाच म्हणा ना! मग मी त्याला गाठलं, मागे टाकलं. आज माझ्या डोक्यावर होमलोन आहे आणि बन्या अजून शाळेत. भा. रा. भागवतांनी त्याला वीसेक पुस्तकं पळवलं, पण मोठं काही होऊ दिलं नाही. एवढ्या उचापती एका पोराच्या सुट्ट्यांत मावतील कशा? पण तेव्हा मोजतंय कोण!

वेताळाची आयडिया जास्त भारी. बाप मेला की मुलगा मुखवटा चढवतो आणि जंगलाला वाटतं, हा अमर आहे. ली फॉकनं 1936 साली आणला तो एकविसावा वेताळ. 1964पासून इंद्रजाल कॉमिक्समधून आपल्याकडे आला तोही एकविसावा. आणि गंमत म्हणजे, आजही एकविसावाच! 1977मध्ये त्याचं डायनाशी लग्न झालं, 1979मध्ये जुळं. हिशोबानं ती पोरं आता पन्नाशीकडे झुकायला हवीत. पण ती अजून शिकण्याच्याच वयाची. पिढ्या बदलायचा नियम करूनही नायकाला म्हातारा करायचा धीर कुणाला झालेला नाही.

बन्याच्या बाबतीत तो धीर 2017च्या सिनेमानं केला. अमेय वाघचा बन्या मेडिकलची प्रवेश परीक्षा द्यायला पुण्यात येतो आणि मित्राच्या मृत्यूचा माग काढतो. दिलीप प्रभावळकर चक्क भा. रा. भागवत! मला आवडला सिनेमा. तरी थिएटरात पहिल्यांदाच बन्याची काळजी वाटली. पुस्तकातला बन्या कितीही अडकला तरी सुटणार, ही खात्री असायची. हा हरू शकत होता, मरूही शकत होता. वय दिलं की ती खात्री जाते. तशी ती माझ्या स्वतःबद्दल कधी गेली, आठवत नाही.

''मामा, सांग ना!''

''शाळेतच आहे रे. तुझ्यापुढे दोन-तीन वर्षं.''

''मग मी गाठीन त्याला,'' म्हणाला आणि पान उलटलं.