बंदूक न रोखणारा पहारेकरी

नेवाशाच्या शाखेत मी अधिकारी होतो, तेव्हा दारावर एक माजी सैनिक दुनळी बंदूक घेऊन बसायचा. बाजाराच्या दिवशी माणसांची रीघ लागे. कुणी उसाचे पैसे काढायला येई, तर कुणी नुसतं पंख्याखाली बसायला. "साहेब, बंदूक कुणावरही रोखता येते. कुणावर रोखायची नाही, हे कळायला हवं," असं तो म्हणे.

पुतण्याच्या आजारपणात त्याची आठवण झाली. ऐन तिशीत पोराला शौचातून रक्त पडू लागलं. 'बाहेरचं खातो,' असं शेजारीपाजारी म्हणाले. तोही स्वतःला दोष देऊ लागला. नगरच्या डॉक्टरांनी दुर्बिणीनं तपासून निदान केलं : अल्सरेटिव्ह कोलायटिस. म्हणजे शरीराचा पहारेकरी घरातच गोळ्या झाडत होता!

आतड्याचं आतलं अस्तर पेशींच्या एकाच थराचं असतं. त्याच्या एका बाजूला अन्न आणि जीवाणू. आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू, त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. दुसऱ्या बाजूला रोगप्रतिकारक पेशींची फौज. ती प्रत्येक परक्यावर तुटून पडली, तर भाकरीचा घासही पचायचा नाही.

या फौजेला आवरणाऱ्या 'नियामक टी पेशी' जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवून दिल्या. त्यांच्यामागचं फॉक्सपी-३ हे जनुक मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये उजेडात आणलं. त्या जनुकात जन्मतःच बिघाड असलेल्या बाळांना असह्य जुलाब होतात. या तिघांना २०२५ चं नोबेल मिळालं. गंमत अशी, की भाकरी-डाळीतला चोथा जीवाणू आंबवतात आणि त्यातून निघणारं ब्युटिरेट याच पेशींना बळ देतं, असं उंदरांवरील प्रयोगांत दिसलं आहे. पाहुणाच पहारेकऱ्याला शांत ठेवतो!

पुतण्याच्या आजाराला मात्र एकच कारण नाही. आनुवंशिकता, परिसर, जीवाणूंतले बदल असं बरंच काही एकत्र येतं. औषधांनी फौज शांत होते. पण ती मनानं थांबवायची नाहीत. आहारही डॉक्टरांना विचारूनच.

बरं वाटल्यावर तो नेवाशाला आला. प्रवरेकाठी पैस खांबापाशी बसलो. शके १२१२ मध्ये इथंच ज्ञानेश्वरी सांगितली गेली. शेवटी माउलींनी दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांचा वाकडेपणा जावा, एवढंच मागितलं.

"काका, म्हणजे माझी चूक नव्हती?"

"नव्हती रे बाळा."

कितीतरी महिन्यांनी तो मोकळेपणी हसला.