मेकॅनिकल टू फायनान्स, व्हाया परदेश

‘‘फायनान्सच करायचं होतं, तर बी.कॉम.ला कुणी अडवलं होतं का?’’ हा प्रश्न मला गेल्या जुलैपासून मेसच्या मामांपासून ते प्रोजेक्टच्या व्हायव्हाला आलेल्या एक्स्टर्नलपर्यंत सगळ्यांनी विचारून झाला आहे. प्रत्येकाला उभ्या उभ्या उत्तर देण्यापेक्षा एकदाच मॅगझिनमध्ये लिहून टाकावं, म्हणून हा लेख. थर्ड इयरच्या तीन-चार जणांनी रूमवर येऊन माहितीही विचारली होती. त्यांना जे सांगितलं, तेच जरा सविस्तर.

पहिला घोळ नावाचा. ‘परदेशात फायनान्समध्ये मास्टर्स’ या एका वाक्यात निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एक म्हणजे एमबीए. त्याला बहुतेक ठिकाणी दोन-चार वर्षं नोकरीचा अनुभव लागतो, म्हणून आपल्यासाठी ते सध्या बाजूला. दुसरं, एमएस्सी फायनान्स किंवा मास्टर इन फायनान्स. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, पॅरिसचं एचईसी, अमेरिकेत एमआयटीचं स्लोन ही त्यातली मोठी नावं. इथे ताळेबंद, कंपनीचं मूल्य काढणं, गुंतवणूक असे विषय. तिसरं म्हणजे फायनान्शियल इंजिनिअरिंग किंवा क्वांटिटेटिव्ह फायनान्स. कार्नेगी मेलन, बर्कली, कोलंबिया, न्यूयॉर्कचं बरूक कॉलेज, इकडे युरोपात ऑक्सफर्ड आणि झुरिक. इथे गणित आणि प्रोग्रॅमिंगच जास्त. इंजिनिअरला खरा भाव आहे तो या तिसऱ्या प्रकारात.

आता, ते आपल्याला का घेतात? समजा, तुम्ही गावाकडे एक प्लॉट वीस लाखांना ठरवला, पन्नास हजार इसार दिला आणि सहा महिन्यांची मुदत घेतली. सहा महिन्यांत भाव पंचवीस लाखांवर गेला, तर तुम्ही वीस लाखांत खरेदीखत करून मोकळे. भाव पडला, तर इसार सोडून देता, बाकी काही देणं लागत नाही. शेअर बाजारात ज्याला ऑप्शन म्हणतात, तो थोडक्यात हाच. प्रश्न एवढाच, की हा इसार नेमका किती असावा? १९७३ साली फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी त्याचं समीकरण मांडलं, त्याच वर्षी रॉबर्ट मर्टननेही त्यावर लिहिलं. आणि गंमत म्हणजे, चल थोडे बदलून घेतले की ते समीकरण आपलं हीट इक्वेशनच निघतं! एम-थ्रीमध्ये शिव्या देत सोडवलेलं तेच. लोखंडाच्या दांड्यात उष्णता जशी पसरते, तशी इथे किमतीबद्दलची अनिश्चितता पसरते. थर्मल डिफ्यूजिव्हिटीच्या जागी भावाच्या चढउताराच्या मापाचा, म्हणजे व्होलॅटिलिटीचा, वर्ग भागिले दोन येतो.

माझा फायनल इयरचा प्रोजेक्ट फिनवरच्या उष्णतावहनाचा होता, फायनाइट डिफरन्सने. तोच ग्रिड, तोच कोड मी ऑप्शनसाठी वापरून पाहिला. फरक एवढाच की दांड्याचं सुरुवातीचं तापमान आपल्याला माहीत असतं, तर ऑप्शनची किंमत शेवटच्या दिवशी माहीत असते. म्हणून काळात मागे मागे यावं लागतं. आणि टाइम स्टेप मोठी घेतली की एक्स्प्लिसिट पद्धतीत उत्तरं जशी तिकडे उधळतात, तशीच इकडेही उधळतात. हे ज्याने स्वतःच्या हाताने करून पाहिलं आहे, त्याला ‘मेकॅनिकलवाला इकडे कसा?’ या प्रश्नाची भीती उरत नाही.

अर्थात आपल्यात कमीही बरंच आहे. प्रोबॅबिलिटी आपण एका युनिटपुरती शिकतो आणि ऑप्शनला टाकतो (परीक्षेतल्या). तिथे ती पाया धरतात. लिनिअर अल्जिब्रा पक्की हवी, पायथन आणि सी प्लस प्लस यायला हवं. मी एमआयटीच्या ओपन कोर्सवेअरवरची अँड्र्यू लो यांची लेक्चर्स फुकट पाहिली, आणि हल यांचं डेरिव्हेटिव्ह्जचं जाडजूड पुस्तक लायब्ररीतून आठ वेळा रिन्यू केलं. फायनान्सची ओढ कागदावर दाखवायची असेल, तर सीएफएची पहिली लेव्हल शेवटच्या वर्षातही देता येते, पण फी पाहून घ्या.

एक मात्र स्पष्ट सांगतो. हॉस्टेलवर रात्री मोबाइलवर निफ्टीचे ऑप्शन खेळणं म्हणजे फायनान्सचा अनुभव नव्हे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात होते. आणि ज्यांनी सूत्र काढलं, त्यांचीही गोष्ट ऐकून ठेवा. शोल्स आणि मर्टन यांना १९९७ साली नोबेल मिळालं. ते ज्या फंडात भागीदार होते, तो लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट पुढच्याच वर्षी बुडायला आला आणि १४ बँकांना सुमारे ३.६ अब्ज डॉलर ओतून तो सावरावा लागला.

अर्जाकडे वळू. जीआरई सप्टेंबर २०२३ पासून लहान झाली, दोन तासांच्या आत संपते. स्कोअर पाच वर्षं चालतो, म्हणून थर्ड इयरच्या सुट्टीत देऊन टाकलेली बरी. क्वांटमध्ये १७० च्या जवळ असणं इथे कौतुकाचं नाही, अपेक्षितच धरतात. जीमॅट देणाऱ्यांनी सिनिअर्सचे जुने आकडे डोक्यातून काढून टाकावेत, कारण आता मोजपट्टी २०५ ते ८०५ अशी आहे आणि नवा ६४५ हा साधारण जुन्या ७०० च्या तोडीचा. ट्रान्स्क्रिप्टसाठी युनिव्हर्सिटीच्या खिडकीवर दोन चकरा गृहीत धरा. केटी लागली असेल तर लपवू नका, गुणपत्रिकेवर ती दिसतेच. सीजीपीएचं चार पॉइंटांत रूपांतर स्वतःच्या मनाने करू नका, ते त्यांचं त्यांना करू द्या.

आता शिफारसपत्र. इथे जरा सरांशी आणि मॅडमशी बोलायचं आहे. ‘‘तू ड्राफ्ट करून आण, मी सही करतो,’’ ही आपल्याकडची पद्धत तुमच्या कामाच्या रगाड्यामुळे पडली हे आम्हाला कळतं. पण एकाच मुलाने लिहिलेली तीन पत्रं एकाच भाषेत तिकडे पोचली, की वाचणाऱ्याच्या लक्षात यायला वेळ लागत नाही. शिवाय ‘हार्डवर्किंग अँड सिन्सिअर’ हे वर्गातल्या साठही जणांबद्दल लिहिता येतं. आमच्या हीट ट्रान्सफरच्या मॅडमनी माझं पत्र स्वतः लिहिलं. माझा कोड कुठे अडला होता आणि मी तो कसा सोडवला, एवढंच त्यात होतं म्हणे. सर, अर्धं पान पुरे, पण तुमचं हवं. आणि शक्यतो कॉलेजच्या ई-मेलवरून पाठवा, खासगी पत्त्यावरून आलेल्या पत्राकडे संशयाने पाहतात.

एसओपीची सुरुवात ‘लहानपणापासून मला आकड्यांची आवड’ अशी करू नका. मी थेट त्या ग्रिडपासून सुरू केलं. इंटरव्ह्यूला कोडी घालतात. मला विचारलेलं असं: फासा टाकत राहायचा, लागोपाठ दोन वेळा सहा पडेपर्यंत सरासरी किती वेळा टाकावा लागेल? रूम पार्टनरने छत्तीस सांगितलं. उत्तर बेचाळीस. का, ते कागदावर करून पाहा.

आता खरा विषय, पैसा. इंजिनिअरिंगच्या एमएसला टीए-आरए मिळून फी सुटल्याच्या कथा आपण ऐकतो. फायनान्सला ते जवळपास नाहीच, हे विद्यापीठांचे कमाईचे कोर्सेस आहेत. नामवंत अमेरिकन कोर्सची नुसती फी ८० हजार डॉलरच्या वर जाते. बरूक सरकारी असल्याने बरंच स्वस्त, पण जागा मोजक्या.

मला मार्चमध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं. स्कॉलरशिप देऊनही खर्च साठ लाखांच्या घरात. अण्णा लातूरला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, तारण ठेवायला राहतं घर. त्यांनी एकच विचारलं, ‘‘हप्ता किती पडेल रे?’’ मग आम्ही दोघं वही घेऊन बसलो. साठ लाख, अकरा टक्के, दहा वर्षं: महिना सुमारे ८२,६५० रुपये. पण कोर्स आणि नंतरचे सहा महिने हप्ता नसतो, व्याज मात्र चढतच असतं. पूर्ण रक्कम एकदम उचलली आणि दोन वर्षं सरळव्याज धरलं, तर मुद्दल ७३ लाख २० हजार होतं आणि हप्ता एक लाख आठशेच्या वर जातो. डॉलरमध्ये पगार सुरू झाला तर हे काहीच नाही. इथे परत यावं लागलं तर अण्णांची पेन्शन आणि घर दोन्ही त्यात जाईल.

म्हणून ‘कोर्स स्टेममध्ये मोडतो का?’ हे प्रवेशाआधी विचारा. मोडत असेल तर अमेरिकेत शिक्षणानंतर कामासाठी १२ महिन्यांवर आणखी २४ महिने मिळण्याची तरतूद आहे. साध्या फायनान्सच्या पदवीला बहुधा फक्त १२. त्यापुढे एच-वन-बीची लॉटरी, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तर नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. त्यातून कोणाला सूट, हे बारकाईने वाचावं लागतं.

मी जर्मनीतही अर्ज केला आहे, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातल्या सरकारी विद्यापीठात. युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना तिथे सेमिस्टरला १,५०० युरो फी. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात दाखवावे लागतात, पण ते खर्चायला आपलेच. आपल्या पदवीची कागदपत्रं एपीएसकडून तपासून घ्यावी लागतात, त्याला आधीच सुरुवात करा. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. उणीव भाषेची: वर्गात इंग्रजी चालतं, पण फ्रँकफर्टच्या बँकेत जर्मन येणाऱ्याला आधी बोलावतात.

त्यांचा निकाल अजून यायचा आहे आणि अमेरिकेचं डिपॉझिट भरायची तारीख त्याआधी होती. ती मी जाऊ दिली. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलास, असं मित्र म्हणतात. पण कॅम्पसमधून मिळालेली पुण्याची अॅनालिटिक्सची नोकरी हातात आहे, आणि जर्मनीचं जमलं नाही तर दोन वर्षं कमावून पुन्हा अर्ज करता येईल. सध्या मेसच्या रांगेत जर्मन आर्टिकल्स पाठ करणं चालू आहे. जीआरईची पुस्तकं रूमवर कपाटाच्या वर ठेवली आहेत. पाहिजे त्याने मे महिन्याच्या आत घेऊन जावीत, नंतर ती रद्दीवाल्याकडे जातील.