दिवस मोजणार कोण?

हवा-पाणी बिघडवणाऱ्या कारखान्याकडून भरपाई किती घ्यायची, याचे एक सूत्र केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने करून ठेवले आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांनंतर आलेले हे सूत्र म्हणजे पाच आकड्यांचा साधा गुणाकार. उद्योग सर्वाधिक प्रदूषणाच्या लाल गटातला असेल तर ८०. उल्लंघन जितके दिवस चालले तितके दिवस. रुपयाचा एक घटक, तो साधारणपणे २५०. उद्योग मोठा असेल तर दीड. आणि शेवटी, त्या गावच्या लोकसंख्येनुसार एक ते दोन. उदाहरण चंद्रपूरचे घ्या. शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ३ लाख २० हजार होती. दहा लाखांच्या आतल्या गावाला शेवटचा घटक एक. गुणाकार करून पाहा: दिवसाला ३० हजार रुपये. निव्वळ लोकसंख्येवरून पाहिले तर मुंबईत हीच रक्कम ६० हजार होते. चंद्रपूरकराच्या फुप्फुसाचा भाव कोष्टकातच निम्मा लागतो.

हे ३० हजार मोठ्या उद्योगाला कितपत जाणवतील? चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे आणि त्यातले पाच संच ५०० मेगावॉटचे आहेत. असा एखादा संच ७० टक्के भाराने चालला तर दिवसाला ८४ लाख युनिट वीज तयार होते. युनिटला ३ रुपये धरले तरी अडीच कोटी. हा कोणावर आरोप नाही, नुसता हिशोब आहे. पण शंभर रुपयांमागे १२ पैसे ही जरब बसवणारी रक्कम नव्हे.

तरी या सूत्रातला सगळ्यात कच्चा आकडा रुपयांचा नाही, दिवसांचा आहे. मंडळाच्या पद्धतीप्रमाणे उल्लंघन नजरेस आले, किंवा दिलेल्या आदेशाची मुदत संपली, की मोजणी सुरू होते. पूर्तता झाल्याची मंडळाने खात्री केली की ती थांबते. नजरेस आलेच नाही, तर दिवस शून्य. आणि गुणाकारात एक शून्य पुरेसे असते.

चंद्रपूरला आकड्यांचा दुष्काळ आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. डिसेंबर २००९ मध्ये केंद्रीय मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक जाहीर केला. त्यात अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबादनंतर चंद्रपूरचा क्रमांक चौथा होता, गुण ८३.८८. सत्तरच्या वर गेलेली ४३ क्षेत्रे अतिप्रदूषित ठरली आणि जानेवारी २०१० मध्ये तिथल्या नव्या प्रकल्पांची पर्यावरण मंजुरीच थांबवली गेली. एका आकड्याने अख्ख्या जिल्ह्याचे काम अडवल्याचे हे दुर्मीळ उदाहरण. पुढे मनाई उठली. २०१८ च्या फेरीत तारापूर पहिले आले आणि चंद्रपूर पुन्हा सत्तरच्या वरच राहिले. अडचण अशी, की निर्देशांक क्षेत्राचा असतो. घुग्घुस, बल्लारपूर, राजुरा, ताडाळी, गडचांदूर. कोळसा खाणी, सिमेंट, स्पंज आयर्न, कागद, वीज. वाळत घातलेल्या कपड्यांवरची काळी पूड यांपैकी कोणाची, ते हवेचे मोजमाप सांगत नाही. कायदा मात्र प्रत्येक चिमणीला वेगळा लागतो.

म्हणून चिमणीतच मोजावे लागते. ते काम कष्टाचे आहे. चिमणीच्या अंगावर उंचावर एक फलाट असतो, तिथल्या भोकातून आत नळी घालतात, धुराच्याच वेगाने तो ओढून घेतात, गाळणीवर बसलेल्या धुळीचे वजन करतात. एका घनमीटरमागे इतके मिलिग्रॅम, असा आकडा निघतो. अर्ध्या तासाचा नमुना आणि तोही वर्षातून मोजक्या वेळा. उरलेल्या तासांत काय चालले, याची साक्ष त्या गाळणीत नसते. शिवाय माणसे, उपकरणे घेऊन पथक येणार म्हटल्यावर ते गुपचूप कसे येणार?

आणि त्या गाळणीचे पैसे कोण देतो? गुजरातमध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ पासून कारखान्यांचे त्रयस्थ लेखापरीक्षण होते. परीक्षक कारखान्याने निवडायचा, पैसे कारखान्यानेच द्यायचे, अशी तेव्हाची रीत होती. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थतज्ज्ञांनी गुजरात मंडळाच्या सहकार्याने तिथे प्रयोग केला. नेहमीच्या पद्धतीतल्या परीक्षकांच्या अहवालात धुळीची मर्यादा ओलांडणारे कारखाने ७ टक्के निघाले. त्याच चिमण्या पुन्हा स्वतंत्रपणे मोजल्या तेव्हा ५९ टक्के. बहुतेक खोटे आकडे मर्यादेच्या जरासे खाली थबकलेले होते, परीक्षेत ३५ गुणांवर गर्दी व्हावी तसे. मग निम्म्या कारखान्यांसाठी रीत बदलली: परीक्षक चिठ्ठीने ठरवायचा, ठरलेली फी सामायिक निधीतून द्यायची आणि त्याच्या कामाची अधूनमधून फेरमोजणी करायची. खोटा दाखला देण्याचे प्रमाण ८० टक्क्यांनी घटले. कारखान्यांनी धूरही कमी केला, आणि माझ्या मते खरी गंमत यात आहे. कायदा तोच होता, मर्यादा तीच होती. बदलला होता फक्त पगार देणारा.

याच मंडळींच्या दुसऱ्या अभ्यासात उलटे चित्र दिसले. तपासण्यांची संख्या वाढवली, पण प्रदूषण फारसे हलले नाही. जादा भेटींत सापडले ते मुख्यतः किरकोळ उल्लंघन करणारे, आणि त्यांच्यासाठी मंडळाकडे माफक शिक्षाच नव्हती. न्यायालयात खटला भरायचा, नाहीतर वीज-पाणी तोडून कारखाना बंद करायचा. तीनशे कामगारांचा कारखाना थोड्याशा मिलिग्रॅमसाठी बंद करायला कोणता अधिकारी धजेल? २०२३ च्या जनविश्वास कायद्याने हवा कायद्यात आणि पर्यावरण संरक्षण कायद्यात १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत आर्थिक दंडाची सोय केली. पर्यावरणवाद्यांनी तुरुंगाची भीती गेली म्हणून टीका केली. मला ती अर्धीच पटते. कधीच न होणाऱ्या तुरुंगापेक्षा हमखास होणारा दंड बरा. फक्त तो हमखास व्हायला हवा.

महाराष्ट्राने ५ जून २०१७ रोजी वेगळी वाट धरली. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांसोबत कारखान्यांना तारे द्यायला सुरुवात केली. चिमणीतल्या धुळीच्या नमुन्यांवरून एक ते पाच तारे आणि नाव सगळ्यांसमोर. आपल्या शेजारच्या कारखान्याला किती तारे आहेत, हे ताडाळीच्या माणसाला घरबसल्या पाहता यावे, ही कल्पना उत्तमच. पण तारा त्या गाळणीइतकाच खरा.

गाळणीला पर्याय आहे तो चिमणीतच बसवलेल्या मीटरचा. फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्रीय मंडळाने अतिप्रदूषणकारी अशा १७ प्रकारच्या उद्योगांना तो सक्तीचा केला. सिमेंट, औष्णिक वीज, कागद, पोलाद, म्हणजे जवळजवळ चंद्रपूरची औद्योगिक ओळखपरेडच. दर पंधरा मिनिटांची सरासरी, दिवसाच्या ९६ नोंदी, थेट मंडळाच्या संगणकावर. दिवस मोजायला याहून काय हवे? सुरतेत २०१९ पासून अशा मीटरांच्या जोरावर धुळीच्या परवान्यांचा बाजार चालवला गेला आणि त्यात सामील कारखान्यांची धूळ २० ते ३० टक्क्यांनी उतरली. पण मीटर बसवतो, राखतो आणि जुळवून घेतो तो पुन्हा कारखानाच. गुजरातच्या परीक्षकांचा धडा इथे जसाच्या तसा लागू होतो.

वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत गेले की मोजायची वस्तू बदलते. इथे प्रश्न जंगलाचा, आणि सूरजागडच्या लोहखनिजामुळे आता खाणीचाही. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाने दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यायचा असतो. तो लिहितो प्रकल्पवालाच. एटापल्ली तालुक्यातल्या एखाद्या ग्रामसभेने तो वाचायचा म्हटला तर कागदांचा गठ्ठा, आणि तोही इंग्रजीत.

याउलट वणव्यांचे. भारतीय वन सर्वेक्षणाला उपग्रहातून उष्णतेचा ठिपका दिसतो आणि संदेश वनविभागाकडे जातो, थेट कोणते बीट ते सांगून. ठिपका ३७५ मीटरचा, त्यामुळे लहान आग सुटते आणि शेतकऱ्याने जाळलेला धुराही कधी वणव्यात गणला जातो. पण आपल्या बीटात आग लागलीच नाही, असे वनरक्षकाला आता लिहिता येत नाही. मोहफुले वेचायला खालचा पाला जाळतात, तेंदूला कोवळी पाने यावीत म्हणून रान पेटवतात. हे सगळे आकाशातून मोजले जाते आणि मोजणाऱ्याचा पगार त्या बीटातून निघत नाही.

मोजणीची सगळ्यात जुनी आणि खणखणीत शिस्त मात्र याच जिल्ह्यात मे महिन्यात तेंदूच्या फळीवर दिसते. सत्तर पानांचा पुडा, हजार पुड्यांची गोणी. मजुराच्या समोर मुन्शी मोजतो, ग्रामसभेचा माणूस वहीत लिहितो, ठेकेदाराचा माणूस बाजूला उभा असतो. एकाने खोटे लिहिले तर दुसऱ्याच्या खिशातून जाते. इथल्याच मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तकही गावाच्या हाती आले. त्यानंतर जिल्ह्यातल्या हजाराहून जास्त गावांना असे हक्क मिळाले आहेत. खाणीच्या रस्त्यावरची धूळ किंवा नाल्याचे लाल पाणी मोजायला हीच वही का चालू नये? मीटर जुळवताना ग्रामसभेचा एक माणूस बाजूला उभा असावा, एवढीही अट मंजुरीपत्रात घालायला कायद्याची आडकाठी दिसत नाही.

दिवस शून्य करण्याचा आणखी एक मार्ग आहे, आणि त्यात कोणाला खोटे बोलावे लागत नाही. ७ डिसेंबर २०१५ रोजी केंद्राने औष्णिक केंद्रांसाठी धूळ, सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडच्या नव्या मर्यादा आणल्या. मुदत दोन वर्षांची होती. ती सरकत गेली. जुलै २०२५ मध्ये बहुतेक संचांना सल्फर काढणाऱ्या यंत्रणेच्या सक्तीतूनच वगळले; अतिप्रदूषित क्षेत्राच्या किंवा हवेची मानके न गाठणाऱ्या शहराच्या १० किलोमीटरच्या आतल्या संचांचा विचार एकेक करून व्हायचा, आणि सक्ती झालीच तर मुदत २०२८ ची अखेर. चंद्रपूर दोन्ही याद्यांत आहे. मुदत पुढे गेली की आधीचा दिवस उल्लंघनाचा राहत नाही, मग मीटर काहीही दाखवो. पण मीटर पुसले गेलेले नाहीत. चंद्रपूरच्या संचांबाबतच्या निर्णयाच्या कागदांना पंधरा-पंधरा मिनिटांच्या त्या नोंदी जोडल्या आहेत का, आणि ते मीटर शेवटचे कोणी तपासले, हे दोन प्रश्न माहिती अधिकाराच्या एका अर्जात मावतात.