सात तारांची रशियन गिटार

गिटारच्या तारा कुठेही न दाबता एकत्र छेडल्या असता त्यांतून एखादा सुसंवादी स्वरगुच्छ, म्हणजे कॉर्ड, उमटावा अशा रीतीने त्या लावल्या, तर त्या पद्धतीला खुली जुळवणी म्हणतात. तिचे ठाशीव उदाहरण म्हणजे एकोणिसाव्या शतकात आंद्रेई सिख्रा (१७७३–१८५०) यांच्या वादन-अध्यापनामुळे रशियात रुजलेली सात तारांची गिटार. तिच्या तारा खर्जाकडून वर डी, जी, बी, डी, जी, बी, डी अशा लागतात, आणि जी हा षड्ज मानला तर हाच क्रम प, सा, ग, प, सा, ग, प असा होतो.

या रचनेमुळे एकच बोट सर्व तारांवर आडवे ठेवून मेजर कॉर्ड हव्या त्या पडद्यावर सरकवता येते, शिवाय एक तार छेडली की तिच्याशी संवादी असलेल्या मोकळ्या ताराही अनुनादाने थरथरून नाद दाट करतात. मायनर कॉर्ड मात्र अवघडते, कारण तिला कोमल गांधार हवा असतो आणि तार दाबल्याने स्वर चढतो, उतरत नाही. त्यामुळे गांधाराच्या तारा वगळाव्या लागतात किंवा कॉर्ड वेगळ्या बोटांनी अन्यत्र बांधावी लागते, आणि हा तोटा किरकोळ नाही.

स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया यांच्या १९२६ च्या सोव्हिएत दौऱ्यानंतर शास्त्रीय वादनात सहा तारांचे वाद्य वरचढ ठरू लागले, तरी गीतकार-गायक व्लादिमीर व्हिसोत्स्की यांनी प्रामुख्याने सात तारांचीच गिटार वाजवली, आणि तीही बहुधा नेहमीच्या पट्टीहून खाली उतरवून.