तात्या विंचू का टिकला?

महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ हा चित्रपट १९९३चा; तात्या विंचू हा त्यातला खुनी बाहुला. आधी १९८८मध्ये हॉलिवूडचा ‘चाइल्ड्स प्ले’ येऊन गेला होता. मरणाऱ्या गुन्हेगाराचा आत्मा मंत्राने बाहुल्यात शिरतो, ही कल्पना तिकडचीच. मग नक्कल इतकी वर्षे टिकली कशी? कारण ती इथल्या मातीत रुजली. यशवंत आणि रामदास पाध्ये यांच्या अर्धवटराव या बाहुल्यामुळे मराठी प्रेक्षकाला बोलका बाहुला पिढ्यान्‌पिढ्या घरचाच वाटत आला होता. त्याच रामदास पाध्यांनी तात्याही घडवला. हसवणारं खेळणंच गळ्याशी आलं, म्हणून धडकी भरली. अनोळखी राक्षसाला हे जमलं नसतं. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या विनोदाने भीती पातळ होते, हा आक्षेप अगदीच खोटा नाही. पण त्यांनी साकारलेला लक्ष्या हातातला बाहुला बोलता करणारा शब्दभ्रमकार आहे. त्यामुळे बाहुला स्वतःहून बोलतो हे तो जीव तोडून सांगतो, तेव्हा कुणालाच पटत नाही. विनोद आणि भय दोन्ही तिथूनच निघतात. तात्याला दिलेला दिलीप प्रभावळकरांचा घोगरा, खुनशी आवाज मात्र हसू देत नाही. २०१३मध्ये तात्या ‘झपाटलेला २’मधून थ्रीडीत परतला, पण पहिल्या चित्रपटाची सर दुसऱ्याला नाही.