रचनाबद्ध लॉग: सॉफ्टवेअरमधल्या घटनांची रकानेवार नोंद

सॉफ्टवेअर चालू असताना घडणाऱ्या महत्त्वाच्या घटनांची वेळेसह होणारी नोंद म्हणजे लॉग. साध्या लॉगमध्ये ‘फोटो गेला नाही’ असे मोकळे वाक्य असते. रचनाबद्ध लॉगमध्ये तीच माहिती ठरलेल्या रकान्यांत, बहुधा जेसन (JSON) या मजकूर-स्वरूपात लिहिली जाते. त्यामुळे ती शोधता, गाळता आणि मोजता येते.

शेतकऱ्यांनी पिकांची नोंद स्वतः करण्यासाठी १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीसारखे ॲप घ्या. जाफराबाद तालुक्यातील शेतकरी शिवारातून पिकाचा फोटो पाठवत असताना रेंज गेली, तर अशा ॲपच्या नोंदीत हे रकाने हवेत:

• वेळ: घटना घडल्याची आणि सर्व्हरला कळल्याची, दोन्ही वेगवेगळ्या
• पातळी: माहिती, इशारा की त्रुटी
• घटनेचे नाव: कायम एकाच शब्दांत
• विनंती क्रमांक: मोबाइलपासून सर्व्हरपर्यंत एकच
• तपशील: तालुका, ॲपची आवृत्ती, त्रुटीचा कोड

मग तालुका आणि आवृत्ती निवडली की अडलेल्या सगळ्या नोंदी एकत्र दिसतात. दोष रेंजचा की जुन्या आवृत्तीचा, हे त्यावरून ठरवता येते. विनंती क्रमांकावरून एकाच फोटोचा पूर्ण प्रवास जुळतो.

पासवर्ड, ओटीपी, आधार क्रमांक लॉगमध्ये लिहू नयेत. भारताच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे सर्ट-इनच्या, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी लॉग १८० दिवस जपायचे असतात. नोंदींचा क्रम बिघडू नये म्हणून सर्व सर्व्हरची घड्याळेही प्रमाणवेळेशी जुळलेली लागतात.