शब्द कुठे हरवतात?

पक्षाघातातून उठलेल्या आजोबांना तहान लागली आहे. समोरचा तांब्या ते ओळखतात; पण ‘पाणी’ हा शब्द काही केल्या तोंडून निघत नाही. बुद्धी मात्र शाबूत! हा वाचाघात. पॅरिसमध्ये १८६१ साली पॉल ब्रोका यांनी असा रोगी तपासला. त्याला जेमतेम ‘टॅन’ म्हणता येई. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूस, पुढच्या भागात इजा आढळली.

गंमत अशी, की अशा काही रोग्यांना पाठ असलेली आरती शब्दांसकट गाता येते! इस्पितळातील वाचोपचारतज्ज्ञ याचाच फायदा घेतात. रोग्याच्या डाव्या हाताने ताल धरायचा, ‘पाणी द्या’ सुरात म्हणवून घ्यायचे. जमले, की सूर हळूहळू काढून टाकायचा. ही रीत १९७३ साली अमेरिकेत मांडली गेली. सर्वांनाच गुण येत नाही. येतो तोही सावकाश. घरच्यांनी मात्र आजोबांशी ओरडून बोलू नये. त्यांना ऐकू येते!